टॉवेल उजव्या खांद्यावर

लग्नाला पुरता महिनाही झाला नव्हता, तेव्हा काटाबाईंनी स्वतःच्या नवऱ्याच्या नावापुढे लाल शाईने "दोन मिनिटं उशीर" असं लिहिलं. दोघं एकाच तारेच्या कारखान्यात कामाला. तो आत यंत्रावर, त्या फाटकावरच्या खोलीत, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखाली हजेरीची वही घेऊन. त्या दिवशी त्याला उशीर का झाला, तर बायको डबा घरी विसरली होती आणि तो तिचाच डबा आणायला अर्ध्या वाटेवरून परत फिरला होता. बाईंनी डबा घेतला, खिडकीत ठेवला आणि लाल पेन उचललं. नवरा हसला. पुढची तीस वर्षं तो ही गोष्ट पाहुण्यांना हसत हसत सांगायचा. पण पुन्हा म्हणून त्याने तिच्यासाठी मागे वळून काही आणलं नाही.

काटाबाई हे नाव त्यांना कारखान्यानेच दिलं. घड्याळाचा काटा चुकेल, बाई चुकणार नाही. कारखान्याची मुलींची बास्केटबॉलची टीम निघाली तेव्हा वेळ बघायला टेबलावर कोणाला बसवायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. बाईंना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू जाळीतून गेला की गुण, एवढं त्यांनी पहिल्या दिवशी शिकून घेतलं आणि बाकीचं वेळेनुसार होईल म्हणाल्या. समोर घड्याळ, हाताशी भोंग्याचं बटण, मांडीवर वही. कोणाचा टाइमआउट कितव्या मिनिटाला, कोण आत गेली, कोण बाहेर आली, सगळं लिहायचं. सांगितलं नव्हतं कोणी. पण हातात पेन असताना न लिहिणं म्हणजे त्यांना तोंडात घास असताना न चावण्यासारखं वाटायचं.

त्याच वर्षी मास्तर कोच म्हणून आले. शाळेत खेळ शिकवायचे. मुलांवर ओरडून ओरडून त्यांचा घसा असा बसला होता की बोलले तर कोणी कागद चोळतंय असं वाटावं. उंच, किंचित वाकलेले, आणि डाव्या खांद्यावर कायम एक पांढरा टॉवेल.

आता टाइमआउट हा कोचला असाच मिळत नाही. त्याने टेबलाला सांगायचं, टेबलाने खेळ थांबायची संधी बघून भोंगा वाजवायचा, मग मुली कडेला येणार, दोन घोट पाणी पिणार आणि कोच काय सांगतो ते ऐकणार. रीत अशी की कोचने टेबलापाशी यावं, किंवा हाताचे पंजे आडवे-उभे जोडून दाखवावेत. पण मास्तर टेबलाकडे निघाले की समोरच्या टीमचा कोचही सावध व्हायचा. ओरडायला तर घसाच नाही. म्हणून दोघांनी आपसात ठरवलं. मास्तरांनी टॉवेल डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर टाकला की टाइमआउट हवा. बस्स.

बावीस वर्षं हे चाललं. टॉवेल उजव्या खांद्यावर नीट बसायच्या आत भोंगा वाजलेला असायचा. बाई सांगायच्या, मास्तर मनात आणतात आणि मी वाजवते. यापलीकडे दोघांचं फारसं बोलणं नव्हतं. मास्तरांना बोलता येत नव्हतं आणि बाईंना ऐकून घेता येत नव्हतं, त्यामुळे जमायचं छान.

मग एका वर्षी टीमच मोडली. पाच जणी एकदम गेल्या. दोघींची लग्नं झाली, दोघी मोठ्या क्लबात गेल्या, एकीचा गुडघा गेला. कारखान्याच्या खेळांच्या कमिटीने मास्तरांना सांगितलं, नवी टीम उभी करा, दोन हंगाम देतो, त्यानंतर बघू. बघू म्हणजे काय ते मास्तरांना कळलं. घरी त्यांना कोणी नव्हतं. बायको कधीच गेली, मुलगा लांब. दिवसभर शाळा आणि संध्याकाळी हा हॉल, एवढंच आयुष्य. हॉल गेला तर संध्याकाळ कुठे टांगायची हा प्रश्न.

त्यांनी मुली आणल्या त्या बघून लोकांनी तोंडावर हात ठेवले. एक जिन्यावरून पाण्याचे कॅन वाहणारी, एक धोब्याच्या दुकानात इस्त्री करणारी, आणि एक इतकी उंच की तिला घरचे पंख्याची धूळ पुसायला बोलवायचे. तिचं नाव पडलं शिडी. मास्तरांनी तिलाच कॅप्टन केलं. पहिल्या हंगामात चौदा सामन्यांतले बारा हरले. लोक म्हणायचे, मास्तरांनी टीम नाही, पाळणाघर काढलंय. मास्तर ऐकायचे आणि टॉवेलने मान पुसायचे. भिंत ओली असताना घर बघायला आलेल्या पाहुण्याशी काय बोलणार?

दुसऱ्या हंगामाच्या आधी कमिटीच्या सेक्रेटरीने हॉलची मांडणी बदलली. सेक्रेटरी नवा होता. त्याला सगळंच नवं हवं होतं. टेबल समोरच्या भिंतीला गेलं आणि त्यामुळे मास्तरांचा बेंच, जो इतकी वर्षं बाईंच्या उजव्या हाताला होता, तो डाव्या हाताला आला. शिवाय सेक्रेटरीने फर्मान काढलं की टेबलावर बसणाऱ्या सगळ्यांनी डोळे तपासून कागद आणावा.

बाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. घरी सुनेला माहीत होतं. चहा कपात पडायचा तितकाच बशीत पडायचा. सून म्हणायची, आई, दाखवून या. बाई म्हणायच्या, तुझे कपच लहान आहेत. तपासणीच्या दिवशी त्या मुद्दाम रांगेत मागे उभ्या राहिल्या. पुढच्या तिघांनी भिंतीवरची अक्षरं वाचली, ती बाईंनी पाठ केली, आणि आपली पाळी आल्यावर शाळेत कविता म्हणावी तशी म्हणून टाकली. दोनच इयत्ता शिकलेली बाई, पण पाठांतर पक्कं. कागद मिळाला.

त्यांचा हिशोब सरळ होता. उजव्या डोळ्याने घड्याळ, डाव्या डोळ्याने मास्तर. एवढा मोठा पांढरा टॉवेल काय दिसणार नाही?

तिसऱ्या सामन्यात मास्तरांनी टॉवेल उजव्या खांद्यावर टाकला. भोंगा वाजला नाही. त्यांनी तो पुन्हा डावीकडे घेतला, पुन्हा उजवीकडे टाकला. बाई शांतपणे घड्याळ बघत होत्या. शेवटी मास्तर उठले, टेबलापाशी आले आणि बाईंच्या नाकासमोर हाताचे पंजे आडवे-उभे जोडले. बाईंनी भोंगा वाजवला आणि मग आवाज चढवून म्हणाल्या, "मास्तर, बावीस वर्षांत मला हातवारे करून दाखवायची वेळ आली नव्हती. भरवसा नसेल तर दुसरी बघा."

पहिल्या रांगेत सेक्रेटरी बसला होता. त्याने मान वळवली. मास्तर क्षणभर बाईंच्या तोंडाकडे, नेमकं सांगायचं तर डोळ्याकडे बघत राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग बेंचवर जाऊन बसले. बाईंना वाटलं, खजील झाले. व्हायलाच हवं होतं.

त्यानंतर मास्तर टेबलापाशी कधी आले नाहीत.

आणि टीम हरत राहिली. पण आता हरणं वेगळं होतं. मुली जीव तोडून बरोबरीपर्यंत यायच्या, आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा श्वास तुटायचा. कोणीतरी थांबवायला हवं, पाणी पाजायला हवं, दोन शब्द सांगायला हवेत, हे शेवटच्या रांगेतल्या चहावाल्यालाही कळायचं. पण मास्तर टाइमआउट जवळजवळ घ्यायचेच नाहीत. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याला सामना हाताळता येत नाही. टीम बांधतो, पण खेळवता येत नाही. कोणी म्हणे, टाइमआउट वाचवून ठेवतो, पुढच्या जन्मी कामाला येतील.

बाई यात मागे नव्हत्या. मास्तर आपल्यावर रुसून असे करतात, किंवा त्यांचं डोकं तरी चालत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बाजारात भेटेल त्याला सांगायच्या, "माझे डोळे शाबूत आहेत हो. त्यांचंच डोकं गेलंय." आणि प्रत्येक सामन्याला वहीत लिहायच्या: टाइमआउट मागितला नाही. मागितला नाही. मागितला नाही.

हंगाम संपला. चौदातले नऊ हरले, त्यांतले सहा चार गुणांच्या आत. रविवारी सकाळी हॉलमागच्या खोलीत कमिटी बसली. तिथे एका कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू, दुसऱ्या कोपऱ्यात फाटक्या जाळ्या, आणि मध्ये लाकडी खुर्चीवर मास्तर. कॅप्टन म्हणून शिडीला दाराशी उभं केलं होतं. सेक्रेटरीने बाईंना वही घेऊन बोलावलं होतं. बाईंनी त्यासाठी ठेवणीतली साडी नेसली होती. इतक्या वर्षांत वही मागणारं हे पहिलंच माणूस.

त्यांनी वाचलं. न अडखळता, घोटलेल्या आवाजात. सहा सामने, प्रत्येकाच्या दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट घेता येतात, म्हणजे अठरा. मास्तरांनी घेतले पाच. तेरा वाया. मग प्रत्येक सामन्याचं कितवं मिनिट, किती गुणांनी मागे, आणि पुढे तेच तीन शब्द. वाचताना आपण कोणाचं काय वाचतोय याचं भान बाईंना नव्हतं असं नाही. होतं. पण अचूक असण्याची एक नशा असते, ती दारूपेक्षा वाईट. दारू निदान उतरते.

सेक्रेटरीने मास्तरांना विचारलं की झोपला होतात का. कमिटीतले दोघे हसले.

मास्तर काही बोलायच्या आत दाराशी शिडी म्हणाली, "खोटं आहे. सर मागत होते. दर वेळी टॉवेल इकडून तिकडे टाकत होते. आम्ही बेंचवरून बघितलंय. भोंगाच वाजत नव्हता."

सेक्रेटरीने बाईंकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

बाईंच्या हातातली वही एकदम जड झाली. त्यांना तिसरा सामना आठवला. मास्तरांचं ते जरा जास्त वेळ बघणं आठवलं. एवढ्या जवळून त्यांनी काय बघितलं असेल ते आता, या क्षणी, त्यांना स्वच्छ दिसलं. बुबुळावर साय धरली होती. जे पाच टाइमआउट मिळाले, ते बाईंची मान चुकून तिकडे वळली होती म्हणून. मास्तरांना तेव्हापासून ठाऊक होतं. पुन्हा टेबलापाशी आले असते, तर पहिल्या रांगेतल्या सेक्रेटरीलाही ठाऊक झालं असतं आणि बाईंची खुर्ची दुसऱ्या दिवशी गेली असती. म्हणून आले नाहीत.

सेक्रेटरीने विचारलं, टॉवेलचं काय प्रकरण आहे?

मास्तर आपल्या त्या कागद चोळल्यासारख्या आवाजात म्हणाले, "प्रकरण काही नाही. पोरीचा गैरसमज आहे. मी घाम पुसत होतो."

आता बाईंनी बोलायचं होतं. सगळं त्यांच्याच जिभेवर येऊन थांबलं होतं. चार शब्द: मला दिसत नव्हतं हो. घड्याळ भिंतीवर वाजत होतं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, सवयीने. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग त्यांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

मास्तरांना काढलं. हात वर करायचीही गरज पडली नाही. सेक्रेटरी म्हणाला, आभार मानतो, आणि सगळे चहाला उठले.

बाहेर पायऱ्यांवर शिडीने बाईंना गाठलं. खाली वाकून, अगदी कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "सामन्यात दिसत नव्हतं, मावशी, समजलं मला. आज ऐकूपण आलं नाही का?"

बाई पायऱ्या उतरून गेल्या. पण घरी येऊन सुनेवर खेकसल्या की कप कोणी असे काठावर ठेवलेत. सून कप उचलता उचलता म्हणाली, बोलायला जायचं असेल तर संध्याकाळी मी सोडते स्कूटरवर. बाईंनी विचारलं, कुणाकडे? सुनेने फक्त बघितलं. त्या संध्याकाळी बाई कुठे गेल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत ते न जाणं अंगवळणी पडलं.

खरं बोलायचं तर चूक मास्तरांचीही होती. एका म्हातारीची लाज राखायला बारा पोरींना हरवत ठेवणं हा कोणता कोच? दया करायची तर स्वतःच्या ताटातलं द्यावं, पोरींच्या ताटातलं कशाला? सामना हाताळता आला नाही असं कमिटी म्हणाली, ते एका अर्थी खरंच होतं. फक्त का आलं नाही, ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि दोघंही गप्प बसले. एक दयेने, एक भीतीने. निकाल मात्र दयेवर लागला.

उन्हाळ्यात बाईंनी गुपचूप डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. शेजारी सांगितलं, बहिणीकडे चालले. पट्टी सुटली आणि जग असं लख्ख झालं की बाई घाबरल्याच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली, सुनेच्या केसांतले पांढरे दिसले, आरशात स्वतःचा चेहरा दिसला. तो बघून म्हणाल्या, हे काही मी मागितलं नव्हतं.

नवा हंगाम, नवा कोच. तरणाबांड, बुटांचा आवाज करत चालणारा. टाइमआउट हवा असला की टेबलापाशी येऊन असे टाळी वाजवल्यासारखे पंजे जोडायचा की आंधळ्यालाही कळावं. टीम तीच. शिडी तीच, इस्त्रीवाली तीच, कॅनवाली तीच. दोन वर्षं ज्या मार खाऊन शिकल्या, त्या आता मारायला लागल्या. आठातले आठ सामने जिंकले. लोक म्हणाले, बघा, याला म्हणतात सामना हाताळणं. ओली भिंत एकाने उभी केली, चुना दुसऱ्याने फासला, आणि लोकांना चुनाच दिसतो.

मास्तर सामने बघायला यायचे. सगळ्यात वरच्या रांगेत, खांबाजवळ. त्यांच्या आजूबाजूला दोन-दोन खुर्च्या मोकळ्या असायच्या. हरलेल्या माणसाशेजारी लोक बसत नाहीत, डाग लागतो. डाव्या खांद्यावर तो टॉवेल. बाई एकदाही वर बघायच्या नाहीत. आता दिसत होतं, म्हणूनच बघायच्या नाहीत.

नवव्या सामन्यात शेवटची चार मिनिटं उरली होती. सात गुणांनी पुढे होत्या आपल्या मुली. समोरच्यांनी सलग तीन बास्केट टाकल्या. सात गुणांचा एक उरला. शिडी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. नवा कोच कुठे होता, तर पंचाच्या मागे मागे, एका फाउलवरून हुज्जत घालत. बाईंना खेळातलं अजूनही फारसं कळत नव्हतं, पण ही शेवटची मिनिटं त्यांच्या वहीत सहा वेळा लिहिलेली होती. त्यांची मान आपोआप वर गेली.

वरच्या रांगेत मास्तर पुढे झुकून बसले होते. त्यांचा हात उठला. टॉवेल डाव्या खांद्यावरून निघाला.

तो उजव्या खांद्यावर बसायच्या आत भोंगा वाजला.

खेळ थांबला. मुली बावचळून उभ्या राहिल्या. पंच टेबलापाशी आला आणि विचारू लागला की टाइमआउट कोणाचा. समोरच्या कोचने हात हलवला, आमचा नाही. नवा कोच धावत आला, म्हणाला मी मागितलाच नाही. पंचाने बाईंना पुन्हा विचारलं.

"मास्तरांनी मागितला," बाई म्हणाल्या.

सगळ्या हॉलने वर बघितलं. मास्तर बाईंकडे बघत होते. तिथपासून इथपर्यंत केवढं अंतर, पण बाईंना आता त्यांच्या भुवईचा केससुद्धा दिसत होता. मास्तरांनी सावकाश मान हलवली, नाही. आणि टॉवेलने मान पुसून दाखवली. घाम.

हॉल हसला. आधी एक कोपरा, मग सगळा. कोणीतरी ओरडलं की काटाबाईंचा काटा सटकला. गुण लिहिणाराही वहीत तोंड घालून हसला. या सगळ्या गोंधळात मिनिटभर गेलं, आणि त्या मिनिटात शिडीने पाणी पिऊन घेतलं, पोरींना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. खेळ सुरू झाला आणि मुली चार गुणांनी जिंकल्या. नव्या कोचला लोकांनी खांद्यावर घेतलं.

सेक्रेटरी टेबलापाशी आला. चांगलं बोलला. म्हणाला, बाई, वय होतंच माणसाचं, पुढच्या सामन्यापासून इथे दुसरी सोय करतो, तुम्ही आरामात खुर्चीवर बसून बघा. बाईंनी सांगायला तोंड उघडलं की आज चुकले नाही मी, आजच तेवढी चुकले नाही. पण ते ऐकायला सेक्रेटरी थांबला नव्हता. शिडी शेजारून बाटली घेऊन गेली. तिने बाईंकडे बघितलंसुद्धा नाही, आणि बाईंना ते न बघणंही लख्ख दिसलं.

वही काखेत मारून बाई जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या. लोक ओसरले, मग मास्तर कठड्याला धरत खाली आले. त्यांच्या समोर आले तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, दिसलं मला."

मास्तर थांबले. त्यांनी बाईंच्या डाव्या डोळ्याकडे बघितलं, तसंच, जरा जास्त वेळ. मग म्हणाले, "बरं झालं. उशीर किती झाला तेवढं लिहून ठेवा."

आणि टॉवेल डाव्या खांद्यावर नीट करून ते दाराबाहेर गेले.

बाईंनी खरंच वही उघडली. पेन काढलं, तारीख टाकली, मिनिट टाकलं. फाटकावरच्या वहीत उशिराला वेगळा रकाना होता, लाल शाईचा. या वहीत तो त्यांनी कधी आखलाच नव्हता. बाहेर सून स्कूटरचा हॉर्न वाजवत होती, एकदा, दोनदा. बाई पेन धरून जिन्याशी तशाच उभ्या राहिल्या.